मावशीने पाहिलेला उजेड

आकाशात दिसलेल्या, उलगडा न झालेल्या वस्तूंच्या जुन्या नोंदी मी एका लेखासाठी जमवत होते. धसईच्या माझ्या मावशीने तरुणपणी, भातपेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना, धुरापलीकडे सिद्धगडावर असाच एक उजेड पाहिला होता.

"करपल्या भाकरीसारखं होतं गो. जागचं हलत नव्हतं," ती म्हणाली.

भाकरी मला ओबडधोबड वाटली. मी लिहिले, 'तांबूस, तरंगती चंद्रकोर'. छापून आल्यावर तिला कौतुकाने वाचून दाखवले.

परवा ती शेजारणीला सांगत होती, "चंद्राची कोर तरंगत होती बघ."

"मावशी, तू तर भाकरी म्हणाली होतीस!"

ती हसली. "भाकर कोण छापतो गो? आता डोळे मिटले का मलापण कोरच दिसते."

तो उजेड पाहिलेले दुसरे कोणी आता हयात नाही.