सरांनी माझ्या आईला प्रतीक केलं

"ही आपली विद्यार्थिनी. हिच्या आईच्या अंगात कानबाई येते. आणि ते सोंग असतं!"

सर हे माइकवर बोलले. जळगावच्या आमच्या कॉलेजचं सभागृह भरलेलं. सिनेमा नुकताच संपला होता, दिवे लागले होते. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागून एकजण ओरडला, "कानबाई माता की जय!" दुसऱ्यानं डोकं गरगरा फिरवून दाखवलं. हशा. पुढच्या रांगेतले मोबाइल वर झाले.

सर हसले नाहीत. ते गंभीर होते. तेच जास्त लागलं.

सिनेमा भयपट होता. एक सून. तिच्या खोलीला कुणी बाहेरून कडी लावली की ती परक्या आवाजात बोलायला लागते. घरच्यांना वाटतं, भूत आहे. सरांनी तो मला आधीच दाखवला होता आणि विचारलं होतं, "तुला काय दिसलं?"

"भूत नाहीच, सर. तिच्या आवाजात तिचं कुणी ऐकत नाही. म्हणून तिनं दुसरा आवाज घेतला."

"हे तुला कसं सुचलं?"

मी सांगितलं. का नाही सांगणार? याच माणसानं मला स्त्रीमुक्तीची पत्रकं वाचायला दिली. लिहायला शिकवलं. धुळ्याच्या बसस्टँडवर ती पत्रकं वाटताना मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्या याच माणसाच्या भरवशावर. जे घरात कुणापुढे उच्चारलं नव्हतं, ते सरांना सांगितलं.

आमचं गाव शिरपूरकडचं. बापाचे थोरले भाऊ, मोठे आबा, मी लहान असताना मला धान्याच्या खोलीत बोलवायचे. आईला कळलं. पण आई जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलू शकत नाही. आमच्याकडे बोलतच नाहीत. पदर नाकापर्यंत, नजर जमिनीवर. तिनं बापाला सांगितलं. तो म्हणाला, "मना भाऊवर आळ लेस का?"

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, साडी. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू घेऊन रोट करतात. बाईच्या नावाची मूठ नसते. पण ते रोट खायला सगळ्या भाऊबंदांना यावंच लागतं, आपसात कितीही वैर असो. आईनं नेमका तोच दिवस धरला. केस सोडले. घुमायला लागली. आणि भरल्या घरात मोठ्या आबांवर बोट रोखून ओरडली, "या घरनी पोरले हात लावशी ते हात झडी जाई तुना!"

मोठे आबा आईच्या पाया पडले. तेव्हापासून त्यांनी मला हात लावला नाही. पुढे माझी धाकटी बहीण झाली, तिलाही नाही.

त्या दिवशी आईनं मला जवळ ओढून कानात सांगितलं, "ती देवी नही, मीच शे. कोनले सांगजो नको."

दर वर्षी आईच्या अंगात येतं. त्या धाकावर बहीण त्या घरात वाढते आहे.

सरांनी त्या सभागृहात हे सगळं सांगितलं. धान्याच्या खोलीसकट. शेवटी म्हणाले, "लिंगभाव, आघात, दडपलेला आवाज. किती विलक्षण प्रतीक आहे हे!" टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. "सर, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"अगं, बाईचं दुःख खासगी नसतं. तुझ्याच पत्रकातलं वाक्य आहे ना?"

पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ गावात होता. बहिणीचा फोन आला. मोठे आबा आमच्या दारात उभे राहून आईला म्हणाले होते, "काय कानबाई, आते कोन बोली?" मग बहिणीकडे बघून, "पोरी, पानी आन."

मी मिळाली ती एसटी धरली. घरी पोचले तर ओट्यावर भाऊबंद जमलेले, मोठे आबाही. आईनं देवीची विटंबना केली म्हणून. आई कोपऱ्यात, पदर ओढून. बाप मान खाली घालून. सगळ्यांत वडीलधारे नाना म्हणत होते, "माफी मांगाले लावा तिले."

मी मध्ये उभी राहिले. केस बांधलेले. अंगात काही आलेलं नव्हतं.

"मोठे आबा, धान्याच्या खोलीत तुम्ही माझ्याशी काय केलं ते मी सांगते."

आणि सांगितलं. एकही शब्द न गाळता.

"गप बस, पोरी! घरनी अब्रू शे!" नाना ओरडले.

"माझी अब्रू शाबूत आहे, नाना. ज्यानं केलं त्याची बघा."

माझ्या पाया कुणी पडलं नाही. देवीपुढे वाकणारे सगळे मला शिव्या देत उठून गेले. बाप त्यांच्या मागून गेला. आईनं मात्र पदर मागे सारला.

सरांना कुठून कळलं माहीत नाही. फोन आला. "ग्रेट! हे लिही. आपल्या मासिकाच्या अंकात घेऊ. फार ताकदीचं आहे."

मी म्हणाले, "सर, गावाला माझ्या आईत देवी दिसली. तुम्हाला प्रतीक दिसलं. बाई कुणालाच दिसली नाही." आणि फोन ठेवला.

हे लिहिलंय ते त्यांच्या अंकासाठी नाही.

आज आई, बहीण आणि मी शिरपूरच्या पोलीस ठाण्यात चाललो आहोत. तक्रार माझ्या नावानं. साक्ष आईची, जेठाविरुद्ध, तिच्या स्वतःच्या आवाजात. श्रावणात भाऊबंद आम्हाला रोटाला बोलावोत न बोलावोत. आई पुन्हा घुमणार नाही.