पाणी कुठं जातं

माझे आजोबा कोंडाजी मुंबईला डॉक्टरीच्या कॉलेजात शिपाई होते. बरण्या पुसायच्या, बेडूक आणून द्यायचे, ही त्यांची नोकरी. तिथल्या एका मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, की अंगात काय काय आहे ते सांगणारं शास्त्र वेगळं, आणि जिवंत अंग चालतं कसं ते सांगणारं शरीरक्रियाशास्त्र वेगळं. श्वास, रक्त, पचन, घाम, बाईचं दूध, सगळं त्यात येतं. आजोबांना याचं भारी वेड. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत परतल्यावर दिसेल त्याला धरून सांगत बसायचे. लोक हसायचे, कोंडाजीला बेडकानं झपाटलंय म्हणून.

मी जन्मले ती एकोणीसशे बत्तीसची, ऐन वैशाखातली गोष्ट. माझी आई, आवडी, बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, पोट सुटतं, अशी आमच्याकडची रीत. मेली कुणी काढली कोण जाणे, मला अजून संताप येतो. आणि आजी ठमाबाई तर रीतीला फार कडक. आईची जीभ सुकली, अंग तापलं, दूध आटलं. मी रडून रडून गप्प पडायला लागले.

आजोबांनी परोपरीनं समजावलं, की प्यालेलं पाणी रक्तात जातं, त्याचंच दूध होतं. आजी ढिम्म. बेडकांची बाळंतपणं तुमच्यापाशीच ठेवा, म्हणाली. तेव्हा त्यांनी तिला हाताला धरून गोठ्यात नेलं. सकाळीच व्यालेल्या म्हशीपुढं तिनंच कोमट पाण्याची बादली ठेवली होती.

"हिला कशाला पाजलंस गो?"

"नाय पाजलं तर दूध कुठनं देल?" आजी बोलून गेली आणि मटकन खाली बसली.

तिचा पहिला मुलगा रावजी, बारसं होतंय न होतंय तोच गेला होता. तिला दूधच आलं नव्हतं.

"म्हंजे माझा रावजी..." ती म्हणाली.

आजोबा तिच्याजवळ शेणातच बसले. "तू पानी मागत व्हतीस. मी दाराभायेर ऐकत व्हतो. तवा मला बी ठाव नव्हतं, ठमे."

आजी उठली. आईचं डोकं मांडीवर घेऊन तिनं तांब्या तोंडाला लावला. आई पीत होती आणि आजी रडत रडत म्हणत होती, "पी गो बाय, पोटभर पी."

आई वाचली, मीही वाचले. माझं नाव शकू. पण म्हातारपणी आजी मला कधीकधी रावजी म्हणून हाक मारायची, आणि मी ओ द्यायचे.