पायरीवर बसलेली विमल

"ताई गेली... चहाचा कप हातातच होता." वलगावहून विमलच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, जठारपेठेत भाजी घेत उभी होते. अमरावतीच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. तिच्या घरचा भाजीचा मळा. सुटीहून आली की पिशवीभर मेथी आणायची, आणि प्रश्न विचारताना कुणाची भीड ठेवायची नाही. पुढे ती समाजशास्त्राची प्राध्यापक झाली, शहरांतल्या वर्णद्वेषावर लिहू लागली, परदेशात व्याख्यानं दिली. मला मात्र ती दिसते पुण्यातल्या एका जिन्याच्या पायरीवर.

आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांना शहर कसं वागवतं हे पाहायला ती त्यांच्याच इमारतीत भाड्यानं राहत होती. मी पाहुणी गेले होते. एका संध्याकाळी गल्लीतलं एक मूल दिसेना, आणि बघता बघता माणसं "हिनंच पळवलं" म्हणत वरच्या मजल्यावरच्या, युगांडाच्या ग्रेस नावाच्या विद्यार्थिनीवर चालून आली. मी वर कठड्याशी गोठून उभी. विमल खाली गेली आणि पायरीवर बसली. "कावून जमले तुमी? पोरगं शोधाचं सोडून?" तिची बोली ऐकून कुणीतरी हसलं, "बाई, तुम्ही कुठल्या?" "वलगावची. मी बी बाहेरचीच हाय. आधी मले ओलांडा."

कुणी ओलांडलं नाही... मूल मावशीकडे सापडलं, गर्दी पांगली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच गर्दीतल्या एका दूधवाल्याच्या घरी निघाली. मी म्हटलं, "तुले भेव नाई लागत?" "लागते ना. पन त्यायचं भेव कुठून आलं, ते मले समजून घ्याचं हाय." वर्षभर ती त्या घरांत जात राहिली. एकदा दूधवाला बोलता बोलता थांबला. त्याच्या मुलीला काळी म्हणून स्थळं नाकारत होती. मग तोच म्हणाला, "त्या युगांडाच्या पोरीलाही आई असेलच की..." हे विमलनंच मला सांगितलं. एवढं ऐकण्यासाठी वर्षभर वाट पाहणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

परवा अमरावतीला तिच्या घरी गेले. गावात कुणी जागा देत नाही अशा मुलींसाठी ती माडीवरची खोली मोकळी ठेवायची. हल्ली तिथं मेळघाटातली एक कोरकू आदिवासी मुलगी राहते, नर्सिंग शिकते. दारात आलेल्याला विमल जात विचारत नसे, गाव विचारत नसे. मुलीनं दार उघडलं. तिनं मला ओळखलं नाही, नावही विचारलं नाही. बाजूला सरून म्हणाली, "या... जेवल्या का तुमी?"