वस्तादांचा अंगठा

वस्ताद कधी कुणाला "कसा आहेस" असं विचारत नसत. मागून येत, पाठीवर खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे अंगठा रोवत आणि आपण कळवळलो की म्हणत, "हितं गंज धरलाय." आपण काही बोलायच्या आत पुढचा हुकूम सुटे, "उद्या सकाळी तालमीत. दुखल्यावर डॉक्टर, दुखायच्या आधी वस्ताद."

त्यांचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर असेल, पण आम्ही कुणी ते कधी घेतलं नाही. लालबागला आमच्या चाळीखाली, कोळशाच्या वखारीला लागून त्यांची तालीम होती. थोडी माती, मारुतीची तसबीर आणि वाशांना टांगलेला एक आडवा बांबू, एवढाच तिचा पसारा. वस्ताद मूळचे साताऱ्याकडचे, तरुणपणी कुस्त्या मारलेले. गिरणीत मात्र ते साचेखात्यात तेलवाले होते. साचा म्हणजे माग, हे गिरणगावाबाहेरच्या वाचकांना सांगितलेलं बरं. साचा कुरकुरायच्या आधी त्याच्या सांध्यांत तेल घालायचं, हे त्यांचं काम. माणसांकडेही ते त्याच नजरेने बघत.

धोंडू आणि मी एका गावचे, एकाच खोलीत राहणारे आणि शेजारशेजारच्या साच्यांवर उभे राहणारे. प्रत्येक विणकराकडे दोन साचे असत. सुताची तार तुटली की वाकून जोडायची, कांडी संपली की आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात नवी भरायची, सरळ व्हायचं, पुन्हा वाकायचं. पाळीभर पाय दगडी फरशीवर. चाळिशीच्या आत माणसाची कंबर जायची आणि गुडघे कटकट वाजायला लागायचे. आम्ही ते कपाळी लिहिलंय म्हणून चालवून घेत होतो. वस्तादांना ते अजिबात मंजूर नव्हतं.

तालमीत आलेल्या नव्या गड्याला वाटे, आता आपले दंड फुगणार. वस्ताद त्याला चवड्यांवर उठवत, टाचांवर चालवत, बांबूला नुसतं लोंबकळत ठेवत. मान फिरव, कंबर मोकळी कर, अर्ध्या बैठकीत थांब. आठवड्याभराने गडी वैतागून विचारी, "वस्ताद, कुस्ती कधी?"

"आरं, तुझी कुस्ती साच्याशी हाय. त्यो रोज तुला चीत करतोय. आधी त्याच्याशी निभाव."

पाळी सुटली की ते गेटाबाहेर विडी ओढत उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्यांची चाल बघत. कोण एका पायावर भार टाकतो, कोण कमरेवर हात ठेवून थांबतो, सगळं त्यांच्या डोक्यात राही. मुलगी बघायला आलेल्या वरपक्षानेसुद्धा इतकं निरखून पाहिलं नसेल.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. परळला नाही तर दादरला सभा नाही, अशी संध्याकाळ विरळा. सभेत हातांची साखळी धरून गर्दी आवरायचं काम आमच्या तालमीकडे असे. मोर्चा निघायच्या आधी वस्ताद आम्हाला फुटपाथवर रांगेत उभं करून पोटऱ्या ताणायला लावत. गॅलरीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. वस्ताद म्हणत, "हसू द्या. लाठी आली आन पळताना पोटरीत गोळा आला, तर त्या येनार न्हाईत उचलायला."

आमच्या मनात तेव्हा सरळ वाटणी होती. मुंबई तोडायला निघालेले ते परके आणि साखळीत हात देणारे ते आपले. वस्ताद कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं.

धोंडूचा उजवा खांदा तालमीत यायच्या आधीच आखडला होता. हात कानाच्या वर जात नसे. गिरणीत तो डाव्या हाताने वेळ मारून नेई. "जॉबराक कळला तर माका घराक बसवतलो," तो म्हणे. जॉबर म्हणजे आमच्या खात्याचा मुकादम. मला माहीत होतं ते खोली एक म्हणून. बाकी धोंडूने तो खांदा दाखवला फक्त वस्तादांना, तेही मीच मागे लागलो म्हणून.

वस्तादांनी त्याला भिंतीशी उभं केलं आणि भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायला शिकवलं. रोज थोडं, दुखायच्या अलीकडे थांबायचं. गिरणीत ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. एके दिवशी धोंडूने खोलीतल्या वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा उजव्या हाताने खाली काढला. त्यातले पोहे आम्ही गूळ घालून खाल्ले आणि मूठभर वस्तादांना नेऊन दिले. त्या दिवशी त्यांच्यासाठी मी जीवही दिला असता.

पुढे गिरणीच्या मोठ्या साहेबांच्या कानावर तालमीची कीर्ती गेली. एका रविवारी गिरणीच्या आवारात आम्हाला व्यायाम करून दाखवायला बोलावलं. आम्ही धुतलेली बनियनं घालून गेलो, लग्नघरी जावं तसे. चवडे, टाचा, कंबर, खांदे, सगळं एका तालात झालं. साहेबांनी वस्तादांना विचारलं, "पाळी संपल्यावर हे दमत नाहीत?"

वस्ताद छाती काढून म्हणाले, "माझी पोरं आनखी एक पाळी हुभी ऱ्हातील, साहेब."

आम्ही टाळ्या वाजवल्या. हो, आम्हीच वाजवल्या.

थोड्याच दिवसांत बातमी फुटली की आमच्या खात्यात माणशी चार साचे होणार. एकाला चार म्हणजे दुसरा घरी, हे समजायला शाळेत जावं लागत नाही. आमचे पुढारी साहेबांना भेटायला गेले, की माणसांची शरीरं मोडतील. साहेब म्हणाले, "तुमचे वस्ताद तर म्हणतात, मोडणार नाहीत." त्याच सुमारास वस्तादांच्या हातातली तेलाची झारी गेली. खाकी अर्धी विजार आली, गळ्यात शिट्टी आली आणि गेटाजवळ कामगारांच्या व्यायामासाठी त्यांना एक खोली मिळाली.

इथवर मी समजून घेतलं असतं. आपल्या पठ्ठ्यांचा गर्व कुणाला नसतो? पण मग जॉबर माझ्याकडे आला आणि म्हणाला, धोंडूचे दोन साचे उद्यापासून तुझ्याकडे. मी विचारलं, "धोंडूच का? तो माझ्याहून जुना आहे."

जॉबर हसला. "खांदा गेलाय म्हणे त्याचा. आम्हाला कुठे पत्ता होता?"

मी सरळ तालमीत गेलो. वस्ताद एकटेच माती खालीवर करत होते.

"वस्ताद, धोंडूच्या खांद्याचं तुम्ही सांगितलंत?"

त्यांनी फावडं थांबवलं नाही. "साहेबानं इचारलं, कुनाला चार झेपतील, कुनाला न्हाई. खोटं सांगू? त्याला चार दिलं असतं तर खांदा कायमचा गेला असता."

"आणि आता त्याला एकही नाही. त्याने विश्वासाने दाखवला होता तुम्हाला."

"चार साचे येनारच हुते रं. मी नसतो तरी आलं असतं. म्हनलं, जी ऱ्हातील ती पोरं तरी मोडू नयेत."

"म्हणजे त्या रविवारच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं?"

"हुतं," ते म्हणाले.

मला त्या एका शब्दाचा जितका राग आला तितका साहेबाचा कधी आला नाही. साहेबाने आमच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. तुम्हीच सांगा, ज्याच्यापुढे आपण कळवळतो त्याने ते कळवळणं दुसरीकडे नेऊन सांगावं?

धोंडू भांडला नाही. बोटीने गावी निघाला तेव्हा भाऊच्या धक्क्यावर मी वस्तादांना शिव्या देत होतो. तो म्हणाला, "गाळी देव नको रे. खांदो बरो केल्यान तेणां." आणि वळकटी उजव्याच खांद्यावर टाकून बोटीत चढला. मुंबईत तो परत आला नाही.

मी चार साच्यांवर उभा राहिलो. गावाकडे घरी पोरं होती. तालमीत पाय ठेवला नाही, पण सकाळी खोलीत दार लोटून चवडे आणि टाचा करत राहिलो, कारण त्यावाचून पाळी निभत नव्हती. आज माझी सत्तरी उलटलीय, मांडी घालून जेवायला बसतो. हे त्या माणसाचं देणं आहे आणि ते परत करता येत नाही, याचा मला अजूनही संताप येतो.

खाकी विजार वस्तादांना फार दिवस लाभली नाही. महाराष्ट्र झाला, लालबाग गुलालाने माखलं, तेव्हा तालमीला कुलूप होतं. ते गावी गेल्याचं कळलं आणि काही वर्षांनी वारल्याचं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साचेखात्यात. तिथे शेकडो साचे एकदम धडधडतात, कानाचा काही उपयोग नसतो. आम्ही विणकर एकमेकांचं बोलणं ओठांवरून वाचतो. दहा साच्यांपलीकडून कुणी चहाला चल म्हटलं तरी समजतं. वस्ताद साच्यांमधल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, शिट्टी हातात धरून. माझ्याकडे बघत होते. मग त्यांचे ओठ हलायला लागले. वाचलं असतं तर कदाचित मी त्यांना माफ केलं असतं, आणि मला ते करायचं नव्हतं.

मी मान खाली घातली आणि तुटलेली तार शोधू लागलो. चारही साच्यांवर एकही तार तुटलेली नव्हती. तरी मी बराच वेळ शोधत राहिलो. मान वर केली तेव्हा ते पाठमोरे होऊन दाराकडे चालले होते आणि त्यांचा डावा पाय चांगलाच फरफटत होता.