ताईच्या हनुवटीवरची खूण

ताईच्या साठीला मी तिचा फोटो काढला, पण झाडाच्या सावलीत तिचा चेहरा काळवंडला होता. फोटो सुधारायचं मला काहीच येत नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरवर तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली. पहिल्यात इतकी बटणं होती की मी ते लगेच बंद केलं. दुसऱ्यात एकच बटण दाबलं आणि ताई चाळिशीची झाली! मी हरखून तिला बोलावलं.

ती बराच वेळ बघत राहिली. "अगं, माझी हनुवटीवरची खूण कुठं गेली?"

ती खूण माझ्यामुळेच झाली होती. लहानपणी मी तिला झोपाळ्यावरून ढकललं होतं. चेहऱ्यावर काय नको असतं, हे त्या सॉफ्टवेअरला कोणी सांगितलं असेल?

"राहू दे गं ती," ताई म्हणाली.

तिसऱ्यात फक्त उजेड कमीजास्त करता येत होता. मी तेच ठेवलं. उजेड वाढवत गेले तशी खूण स्पष्ट दिसू लागली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी विचारलं, "तेव्हा खूप दुखलं होतं का गं?"

"कुणास ठाऊक! तूच इतकी रडत होतीस, की तुला गप्प करता करता माझं रडायचंच राहून गेलं."