वाघदेवापुढचं दुसरं मागणं

अंगणात मोहफुलं वाळत आहेत आणि त्यांच्या गोडसर, जड वासाने माझा जीव घाबरा होतो आहे. पोरगा पहाटे सालेकशाकडच्या जंगलात फुलं वेचायला गेला, ऊन डोक्यावर आलं तरी परतला नाही. फोन लागत नाही. परवाच तिकडे वाघाची पावलं दिसली होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात माझा नवरा असाच अडकला होता. वाटेवर वाघ बसल्याची बातमी गावात आली, तशी सासूने ओंजळभर मोहफुलं घेतली आणि मला साजाच्या झाडाखाली, वाघदेवाच्या दगडापाशी नेलं. फुलं ठेवून ती म्हणाली, "माह्या लेकराले राख. अन् वाघालेबी राख."

माझं डोकंच फिरलं. "आई, वाघासाठी काऊन मागून राहिल्या?"

"देव दोघांचाबी हाये. एकाचंच मागाचं नसते."

किती कोरड्या काळजाची बाई, असं वाटलं मला. दुपार कलताना नवरा आला. वाघ उठून जाईपर्यंत तो झाडावर बसून राहिला होता. त्या आनंदात मी सासूचे हात विसरून गेले. फुलं ठेवताना ते इतके थरथरत होते की अर्धी फुलं खालीच सांडली होती. जंगलात अडकलेला तिचाच तर लेक होता.

आता ओंजळभर फुलं घेऊन मी त्याच दगडापुढे येऊन बसले आहे. "माह्या लेकराले राख," एवढं म्हणून झालं. पुढचं तोंडातून निघत नाही. आणि ते मागितल्याशिवाय इथून उठायचं नसतं.