नवरंगाची शीळ

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पातूरजवळच्या देवराईत त्या मला एकदाच भेटल्या. पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेलं ते रान. तिथं कुणी चपला घालून जात नाही, म्हणून त्यांनीही हद्दीच्या दगडापाशी चपला काढलेल्या. वाऱ्याचा आवाज शिरू नये म्हणून मोबाइल रुमालात गुंडाळलेला.

"या रानात काईच उरलं नाही म्हनतात सरकारी लोकं, अन् इथून रस्ता काढतो म्हनतात," त्या कुजबुजल्या. "म्हनून मी पाखरायचे आवाज भरून राहिली."

त्यांनी मला मोबाइलवर भरलेली नवरंगाची शीळ ऐकवली. ती सुरू होते न होते तोच त्यांचीच आरोळी, "आला वं माय, आला!"

मी हसले.

"दर वेळी असंच होते," त्या स्वतःवरच चिडल्या. "तो दिसला का मले राहवतच नाही. आता जीव गेला तरी तोंड नाही उघडत."

मोबाइल पुन्हा सुरू केला आणि त्यांनी चक्क पदराचा बोळा तोंडात कोंबला. आम्ही श्वास रोखून बसलो. अगदी जवळ शीळ घुमली, आणि समोर पाचोळ्यात नवरंग! हिरवी पाठ, निळे पंख, शेपटीखाली लालभडक.

"अगं बाई, तो बघा!" मी ओरडले.

पक्षी भुर्रकन उडाला. बाईंनी बोळा काढून माझ्याकडे रोखून पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्या खदखदून हसल्या.

"राहू द्या, हे मी पुसत नाही. आतापर्यंत मी एकटीच सांगत होती. आता साक्षीदार दोन झाले!"